सायकल-कर निरीक्षकाची रस्त्याकडची खोली

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकोणऐंशी पूर्ण, सध्याचा धंदा काही नाही, पूर्वीचा धंदा नगरपालिकेत सायकल-कर निरीक्षक, या कागदाने लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. हे केवळ मी म्हणतो म्हणून नव्हे. डॉक्टरांनी घरी येऊन मला तपासले, वार विचारला, शंभरातून सात-सात वजा करत मागे यायला सांगितले, आणि मी मागे येत असताना आपण कुठवर आलो हे त्यांच्याच लक्षात राहिले नाही. त्यांचा दाखला सोबत जोडला आहे. हा कागद मी राजीखुशीने करत आहे. कोणी धाक घातलेला नाही, कोणी गोड बोललेले नाही. गोड बोलण्याची आमच्या घरात पद्धतच नाही.

यापूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते. ते या कागदाने रद्द समजावे. त्यात रस्त्याकडची खोली चिरंजिवांना दिली होती. हा नवा कागद त्या खोलीसाठी आहे, बाकीचे सगळे ओघाने आले आहे. ज्यांना घाई असेल, म्हणजे चिरंजिवांना, त्यांनी थेट पाचवे कलम वाचावे.

कलम १. माणसे.

माझी पत्नी वारली आहे. मला दोन अपत्ये. चिरंजीव थोरले. विमा कंपनीत वरच्या हुद्द्यावर आहेत, वरच्या मजल्यावर सूनबाईंसह राहतात, आणि त्यांची मोटार खाली रस्त्यावर राहते. कन्या धाकटी. नवऱ्याशी पटले नाही म्हणून परत आली. ज्या कचेरीत हिशेब बघत होती ती बंद पडली. तेव्हापासून ती रस्त्याकडच्या खोलीत मोठ्या बायकांना सायकल शिकवण्याची शाळा चालवते आणि मागच्या दोन खोल्यांत माझ्यासोबत राहते.

खोली गेली तर कन्येची शाळा गेली, आणि शाळा गेली तर तिच्या हाती दुसरे काही नाही. खोली मिळाली नाही तर चिरंजिवांच्या मोटारीला यापुढेही उघड्यावर झोपावे लागेल. दोन्ही बाजू मी जमेल तितक्या समतोलपणे मांडल्या आहेत.

कलम २. मी कोण.

जे मला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी हे कलम आहे. ओळखणाऱ्यांनी ते वाचताना शांतता राखावी.

एके काळी या शहरात प्रत्येक सायकलीला दरवर्षी कर भरून पत्र्याचा बिल्ला घ्यावा लागे. तो हँडलच्या पुढे अडकवायचा. एका वर्षी गोल, पुढच्या वर्षी त्रिकोणी, मग पानाच्या आकाराचा, म्हणजे जुना बिल्ला लांबूनच ओळखता यावा. अंधार पडल्यावर बत्ती हवी. मागे माणूस बसवायचा नाही. हे सगळे पाळले जाते की नाही ते बघणारा मी. पुलाच्या तोंडाशी उभा राहत असे. लोक मला समोर 'साहेब' म्हणत आणि पाठ फिरली की 'बिल्ला'. पाठ फिरली तरी कान तिथेच असतात हे लोकांच्या लक्षात येत नसे.

नोकरीत रुजू झालो तेव्हा प्रशिक्षणासाठी एक जाड पुस्तक दिले होते. त्यात सायकलीचा सगळा इतिहास होता. पहिल्या सायकलीला पायडलच नव्हते. लाकडी दांडा, खाली दोन चाके. वर बसायचे आणि जमिनीला पाय मारत पुढे सरकायचे. श्रीमंत तरुणांचे खेळणे. पायी चालणाऱ्यांना ते खपले नाही आणि काही शहरांनी तिला रस्त्यावर बंदी केली. म्हणजे सायकल जन्मली आणि पाठोपाठ निरीक्षक जन्मला. पुढे पुढचे चाक माणसाएवढे झाले. वर बसलेला पडला की थेट डोक्यावर. मग चेन आली, दोन्ही चाके सारखी झाली, हवेचे टायर आले. पडणे परवडू लागले तेव्हा सायकल सगळ्यांची झाली. बायका बसू लागल्या तेव्हा काही डॉक्टरांनी बजावले की याने बाईचा चेहरा कायमचा ओढल्यासारखा होतो. माझ्या निरीक्षणात तसा चेहरा फक्त दंड भरताना होतो, आणि तो पुरुषांचाही होतो.

पुढचा इतिहास मी पुलावर उभा राहून पाहिला. माझ्या लहानपणी गल्लीत एकच सायकल होती, ती वैद्यकी करणाऱ्याची. ती दाराशी लागली की कोण आजारी आहे ते गल्लीला कळे. फोटो स्टुडिओत एक सायकल ठेवलेली असे. तिच्या सीटवर हात ठेवून तरुण लोक फोटो काढून घेत आणि मुलीकडच्यांना पाठवत. तिला चेन नव्हती, पण फोटोत चेन कोण बघतो. मी नोकरीला लागलो तेव्हा गिरणीचा भोंगा वाजला की पुलावर सायकलींचा लोंढा येई, इतका की मी दोन्ही हातांनी कठडा धरून त्याला चिकटत असे. मग स्कूटर आली. मग मुलगा सायकलवर येतो असे कळले की मुलीकडचे गप्प होऊ लागले. शेवटी बिल्ले पाडायचा खर्च वसुलीला जड झाला आणि नगरपालिकेने कर रद्द केला. माझ्याबरोबर निरोप समारंभात त्या कराचाही सत्कार झाला.

आता ज्यांच्या वडिलांनी सायकल विकून स्कूटर घेतली होती, ते स्कूटरच्या किमतीची सायकल घेतात. ती मोटारीच्या टपावर बांधून गावाबाहेर नेतात, तिथे चालवतात, आणि पुन्हा टपावर बांधून आणतात. त्यांच्या मंडळाने मला एकदा व्यासपीठावर बोलावले. 'सायकल संस्कृतीचे जुने सेवक' अशी ओळख करून दिली. टाळ्या वाजवणाऱ्यांत निदान तिघे मला दंड भरलेले दिसले. नगरपालिकेने आता सायकलींसाठी रस्त्याच्या कडेला हिरवा पट्टा रंगवला आहे. आमच्या दारासमोरच्या हिरव्या पट्ट्यावर चिरंजिवांची मोटार उभी असते.

कलम ३. जुनी येणी, वैर वगैरे.

(अ) मेहुणा. माझे लग्न होऊन थोडेच दिवस झाले असताना माझ्या पत्नीला तिचा भाऊ डबलसीट घेऊन पुलावरून येताना मला दिसला. मी शिट्टी वाजवली, पावती फाडली. मेहुणा म्हणाला, "दाजी, अहो ही तुमची बायको आहे."

मी म्हणालो, "म्हणूनच नाव विचारलं नाही."

त्यानंतर बरेच दिवस घरच्या भाजीला मीठ नव्हते. कारण विचारले तर पत्नी म्हणाली, "मिठाला अजून बिल्ला लागलेला नाही. लागला की घालते." पावती नियमाप्रमाणेच होती. मेहुण्याने तो विषय त्यानंतर माझ्यासमोर फार काढला नाही. प्रत्येक समारंभात एकदा, एवढेच. त्याचे माझ्याकडे काही येणे नाही, माझे त्याच्याकडे काही येणे नाही. त्याने हे वैर पुढे त्याच्या मुलांना दिले आहे असे ऐकतो. त्याची विल्हेवाट त्याने लावावी.

(आ) दूधवाला. याला मी पहाटे बत्तीशिवाय किती वेळा धरले ते आम्हा दोघांनाही आठवत नाही. त्याचे म्हणणे नेहमी एकच असे, "साहेब, उशिरा सूर्य येतो आणि पावती माझी फाटते?" कर रद्द झाला त्या दिवशी तो आमच्याकडे अर्धा लिटर दूध जास्त घालून गेला. ते आनंदाने होते की उपरोधाने, हे मी विचारले नाही. दूध चांगले होते.

(इ) पोस्टमन. याचे म्हणणे की त्याची सायकल सरकारी, म्हणून तिला कर नाही. माझे म्हणणे की मग सरकारने बिल्ला घ्यावा. मी माझ्या कार्यालयाला लिहिले, त्याने त्याच्या. दोन्ही कार्यालयांची उत्तरे अजून यायची आहेत. आली असती तर आणायचीही त्यानेच होती, त्यामुळे माझा थोडा संशय आहे.

दूधवाला आणि पोस्टमन या दोघांनीच या कागदावर साक्षीदार म्हणून सही करायचे कबूल केले आहे. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये असा वकिलांचा सल्ला आहे. तो पाळताना मला कोणतीही अडचण वाटली नाही.

कलम ४. बचत आणि वरचा मजला.

निवृत्तिवेतनातून उरलेले जे काही खात्यात असेल, त्यातून आधी गळके छप्पर दुरुस्त करावे आणि मग राहील ते भावंडांनी निम्मे-निम्मे घ्यावे. छप्पर वरच्या मजल्याचे आहे, पण ओल खालपर्यंत येते. वरचा मजला चिरंजिवांचा. मागच्या दोन खोल्या कन्येच्या. यावर कोणाचा वाद नाही. नाही म्हणजे, अजून झालेला नाही.

कलम ५. रस्त्याकडची खोली.

ही खोली घराची सगळ्यात मोठी खोली. हे घर स्वकष्टार्जित आहे, त्यामुळे कोणती खोली कोणाला द्यायची हे ठरवण्याचा मला पूर्ण अधिकार आहे. तसे वकिलांनी दोनदा सांगितले आहे. दुसऱ्यांदा चिरंजिवांसमोर.

आधी शाळेविषयी. दुपारी आणि संध्याकाळी बायका येतात. पन्नाशीच्या, साठीच्या. बहुतेकींना लहानपणी कोणी शिकवले नाही, आणि मग लाज वाटली. निवृत्त मुख्याध्यापिका येतात, त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात. पहिल्या दिवशी सायकल कलंडू लागली तशा त्या सायकलीवर ओरडल्या, "सरळ उभी राहा!" सायकल राहिली नाही. कन्या म्हणाली, "बाई, ती तुमच्या वर्गात नव्हती." कन्येची शिकवण्याची रीत अशी की आधी दोन्ही पायडले काढून टाकायची, सीट खाली करायची, आणि जमिनीला पाय मारत उतारावरून सरकायला लावायचे. तोल जमला की मग पायडल. म्हणजे माझ्या पुस्तकातल्या पहिल्या सायकलीपासून सुरुवात, पुढचा सगळा इतिहास पंधरवड्यात. पायडले काढण्या-बसवण्याचे काम माझ्याकडे आहे. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. हे मला नोकरीत असताना माहीत नव्हते, आणि त्यावाचून माझे काही अडलेही नव्हते.

मला स्वतःला सायकल येत नाही. हे शहराला माहीत आहे. नोकरीत कार्यालयाने सायकल दिली होती, ती मी हातात धरून चालत नेत असे. कन्येने मला एकदा सीटवर बसवले आणि म्हणाली, "आता पाय जमिनीवरून उचला."

मी विचारले, "कोणत्या नियमाखाली?"

धडा तिथेच संपला.

आता मोटारीविषयी. चिरंजीव एका रविवारी फीत घेऊन खाली आले आणि खोली मोजली.

"मोटार आत जाते, बाबा. दोन्ही बाजूंना चार बोटं राहतात."

"आणि दार?"

"रुंद करू ना. शटर लावू."

"खोलीचं नाही. मोटारीचं. उतरणार कसा?"

चिरंजिवांनी पुन्हा फीत लावली. मग म्हणाले, "मधली भिंत थोडी मागे घेतली तर."

"तिच्यामागे स्वयंपाकघर आहे."

"थोडीशीच हो."

आतून कन्या म्हणाली, "घे दादा, घे मोटार आत. उतरूच नकोस. काच खाली कर, मी ताट आत सरकवते."

"तू मध्ये बोलू नकोस. तुझ्या बायका दिवसभर दारात आपटतात, मोटारीला ओरखडे कोण भरून देणार?"

"हिरव्या पट्ट्यावर सायकल आपटली तर तिथे मोटार काय करत होती, ते विमा कंपनीला विचार. तुझीच आहे ना?"

या संभाषणानंतर मी खोली कन्येला द्यायचे ठरवले. पण दिली नाही. निदान पुरती दिली नाही. कच्च्या मसुद्यात मी लिहिले, 'रस्त्याकडची खोली कन्येस, परंतु'. आणि त्या 'परंतु'नंतर अटी घातल्या. अंधार पडल्यावर शाळेची एकही सायकल बत्तीशिवाय बाहेर पडू नये. प्रत्येक सायकलीला घंटी असावी. डबलसीट शिकवू नये. यातली एकही अट मोडल्यास खोली आपोआप चिरंजिवांकडे जावी. वकील खूश झाले. म्हणाले, "वा, साहेब! कलम कसं भरल्यासारखं दिसतंय." मलाही ते बरे दिसले. रिकामे कलम मला रिकाम्या हँडलसारखे वाटते.

कन्येने मसुदा वाचला आणि टेबलावर ठेवला.

"बाबा, निम्म्या बायका नोकरी आटपून संध्याकाळी येतात. वाटेत बत्तीचा सेल संपला की माझी खोली संपली?"

"सेल बदलावा."

"तुम्ही आहात तोवर तुम्ही बदलाल. नंतर?"

"नंतर नियम आहे."

"नियम सेल बदलत नाही, बाबा. नियम नुसता बघत उभा राहतो." मग म्हणाली, "अशीच द्यायची असेल तर दादाला देऊन टाका. निदान मोटारीला रोज धाक नाही राहणार."

"तुला खोली नको का?"

"हवी आहे. इतकी हवी आहे की रोज कोणीतरी काढून घेईल म्हणून दाराकडे बघत मला तिच्यात शिकवता येणार नाही. मी तेवढी धीट नाही."

मी ऐकले नाही. अटी वाजवी होत्या. मसुदा होता तसाच ठेवला आणि चिरंजिवांनाही वाचायला दिला, म्हणजे नंतर कुरकुर नको. मला वाटले ते चिडतील. ते चिडले नाहीत. दोनदा वाचून म्हणाले, "छान आहे, बाबा. बत्ती तर हवीच."

त्यानंतर चिरंजीव संध्याकाळी पायरीवर उभे राहू लागले. कामावरून आले की चहा उभ्यानेच घ्यायचा आणि पायरीवर यायचे. एका पायावर भार, एक हात पाठीमागे, मान रस्त्याकडे. मी खुर्चीतून बघत होतो. ही उभे राहण्याची रीत त्यांना कोणी शिकवलेली नाही. लहानपणी ते माझ्याबरोबर पुलावर यायला लाजत. शाळेत त्यांना 'छोटा बिल्ला' म्हणत, म्हणून त्यांनी दोनदा शाळा बदलून मागितली होती.

मी विचारले, "काय करतोस?"

"काही नाही. तुमची अट बघतोय."

एका संध्याकाळी त्यांनी मला मोबाइलवर फोटो दाखवला. वळणावरून जाणारी एक बाई, पाठमोरी, डोक्याला आणि तोंडाला रुमाल गुंडाळलेला. "हे बघा, बाबा. बत्ती नाही, घंटी नाही. तुमच्या शाळेची सायकल. कोण बाई आहे कुणास ठाऊक, पण पुरावा झाला. तुम्ही असेपर्यंत मी काही बोलणार नाही. नंतर मात्र असे फोटो लागतील."

मी चष्मा लावला. बाईच्या पायात हिरव्या पट्ट्यांच्या चपला होत्या. त्या चपला रोज वरच्या मजल्याच्या दाराशी असतात. सूनबाई कोणाला न सांगता शाळेत येतात हे मला माहीत होते, कारण त्यांची पायडले मीच बसवली होती.

"ओळखता का?" चिरंजिवांनी विचारले.

"नाही," मी म्हणालो. नोकरीत मी ओळखीच्या माणसालाही ओळखत नसे. ती सवय प्रथमच घराच्या कामी आली.

मुलगा आपल्या वळणावर गेला आहे हे बापाला उतारवयात कळावे, यासारखे सुख नाही. मला ते सुख झाले. विम्यात त्यांचे आयुष्य वाया गेले. ते माझ्यापेक्षा चांगले निरीक्षक झाले असते. माझ्याकडे नुसती बॅटरी होती, त्यांच्याकडे फोटो आहे. आणि चांगला निरीक्षक काय करतो हे मला दुसऱ्या कोणी सांगायला नको. तो बत्ती नसलेली सायकल शोधत फिरत नाही. तो पेटलेल्या बत्तीकडे बघत ती विझायची वाट पाहतो. विझतेच कधीतरी.

दुसऱ्याच दिवशी वकिलांना बोलावले. म्हणालो, "अटी काढा."

"कुठली काढू?"

"सगळ्या."

"साहेब, एखादी तरी राहू द्या. घंटीची ठेवा, ती निरुपद्रवी आहे. कोर्टालाही वाटतं की माणसाने विचार केलाय."

"त्या अटी पाळल्या जातात की नाही हे बघायला माणूस मिळाला आहे," मी म्हणालो. "फार चांगला मिळाला आहे. म्हणून काढा."

चिरंजिवांना मी हे त्याच दिवशी सांगितले. ते म्हणाले, "म्हणजे मी एवढे दिवस उभा राहिलो ते फुकट?"

"फुकट कसं? मी तुला बघितलं."

"मी कोर्टात जाईन, बाबा."

"जा. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. सात-सात वजा करून दाखवले आहेत."

"मग मला काय?"

"वरचा मजला. आणि माझं काम."

म्हणून या कलमाचा मजकूर आता असा: रस्त्याकडची खोली, तिचे दार, खिडकी, भिंतीतल्या खुंट्या आणि पुढच्या दोन पायऱ्या यांसह, माझ्या पश्चात माझ्या कन्येची. तिने तिथे शाळा चालवावी किंवा चालवू नये, विकावी किंवा ठेवावी, दिवा लावावा किंवा अंधारात बसावे. हे वाक्य लिहायला मला या कागदातल्या कोणत्याही वाक्यापेक्षा जास्त वेळ लागला. कुठे काही राहिले आहे असे अजूनही वाटते.

कलम ६. हत्यारे व सायकल.

शिट्टी, बॅटरी, बिल्ले आवळायची पकड आणि जप्तीची साखळी चिरंजिवांना. शिट्टी अजून वाजते. घरात वाजवू नये.

उरलेल्या बिल्ल्यांची पेटी नगरपालिकेला परत करावी. त्यांनी घेतली नाही तर पोचपावती तरी मागावी.

माझी कार्यालयीन सायकल निवृत्तीच्या वेळी कार्यालयाने मलाच दिली, कारण ती परत घ्यायचा फॉर्म सापडला नाही. ती सूनबाईंना. सीटवर कोणी बसलेले नाही, चेन ताणलेली नाही, टायर तेवढे झिजले आहेत. हा कागद वाचला जाईल तेव्हा त्या उघडपणे चालवत असतील असे धरून चालतो. चिरंजिवांना ही बातमी याच कागदातून कळणार असेल तर त्यांनी फोटोतल्या चपला पुन्हा पाहाव्यात. दंड आकारण्याचा त्यांना अधिकार नाही. मी चौकशी केली आहे.

कलम ७. शेवटचे.

माझा अंत्यविधी साधा असावा. भाषणे नकोत. सायकल मंडळाला कळवू नये. ते हेल्मेट घालून येतील. मला पुलावरून नेऊ नये. लोक थांबतील असे मला वाटते, पण खात्री नाही, आणि ती तपासायला मी नसेन.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकिलांनी करावी. त्यांना ते साध्या भाषेत आहे म्हणून थोडे वाईट वाटले आहे.

हा कागद मी शेवटपर्यंत वाचला आणि मला तो समजला. सह्या खोलीत टेबलावर व्हायच्या होत्या. तेवढ्यात संध्याकाळच्या बायका आल्या आणि कन्या दारातून म्हणाली, "बाबा, पायरीवर बसा बरं सगळे. सायकली बाहेर काढायच्यात."

वकील म्हणाले, "अहो ताई, इथे मृत्युपत्रावर सह्या चालल्यात."

"चालू द्या ना. खोली अजून बाबांचीच आहे, माहितीये मला. पण पायडलं आत आहेत आणि मोठ्या बाई उभ्या आहेत."

आम्ही चौघे उठलो आणि पायरीवर आलो. म्हणून:

स्थळ : रस्त्याकडच्या खोलीची खालची पायरी.
दिनांक : वकिलांनी वरच्या कोपऱ्यात घातला आहे तोच.

(सही) मृत्युपत्र करणारा, निवृत्त सायकल-कर निरीक्षक

साक्षीदार १ : मी दूधवाला. साहेबांनी माझ्यासमोर सही केली. सही करताना ते पूर्ण शुद्धीत होते. पूर्वी मला धरायचे तेव्हाही पूर्ण शुद्धीतच असायचे, त्यामुळे फरक ओळखता येतो. (सही)

साक्षीदार २ : मी पोस्टमन, निवृत्त. वरील साक्षीदाराने सही केली ती मी पाहिली आणि माझी त्याने पाहिली. दोघांच्या सह्या झाल्यावर साहेब रस्त्याकडे बघत होते. एक सायकल बत्तीशिवाय वळणावरून गेली. साहेबांनी 'आणखी एकच ओळ' असे म्हणून आमच्याकडे पेन मागितले. दोघांच्याही खिशाला पेन होते. आम्ही दिले नाही. (सही)